किचनमधली यंत्रं भेट द्यावीत का? (नणंदेची वास्तुशांत, सांगली)

शाहूपुरीची_सून (सातारा)
मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्या वन्संनी सांगलीत विश्रामबागला फ्लॅट घेतलाय, पुढच्या महिन्यात वास्तुशांत. आम्ही दोघी जावा आणि धाकटे भाऊजी मिळून एकच काहीतरी चांगलं देणार आहोत. बजेट सहा हजारांपर्यंत. यांचं म्हणणं एअर फ्रायर द्या. सासूबाई म्हणतात स्टीलचे डबे द्या, नाव घालून. जाऊबाईंच्या मनात चांदीचं निरांजन. मला आपलं वाटतंय की ओट्यावर रोज हाताला लागेल असं काही द्यावं, पण ते खोक्यातून बाहेरच आलं नाही तर काय उपयोग?

वन्सं शाळेत शिकवतात, सकाळी सातला घराबाहेर. घरात चौघं, त्यांच्या सासूबाईही तिथंच असतात. रोज ज्वारीची भाकरी. तुम्हाला भेट आलेल्या यंत्रांपैकी आज खरोखर कुठलं वापरात आहे ते सांगा. "प्रेमानं दिलेलं काहीही गोडच" हे कृपया नको, ते सासूबाईंनी ऐकवून झालंय.

खमंग_फोडणी (कराड)
एअर फ्रायर नको. आमच्याकडं आलाय, त्यावर सध्या पेपरची रद्दी असते. आपल्याकडं तळण म्हणजे भजी, वडे, कुरडया. भज्याचं ओलं पीठ त्यात टाकलं की जाळीतून खाली गळतं आणि वर नुसता कांदा वाळतो. चकली करून बघितली, दाताचा डॉक्टर गाठायची वेळ आली असती.

सोललेला_लसूण (सातारा)
@खमंग_फोडणी, तो तळायचा डबा नाहीच हो, पंखा लावलेला बारका ओव्हन आहे. नावात फ्रायर आहे म्हणून सगळे भजी करायला जातात आणि मग शिव्या देतात. आमच्यात रोज वापरतो. शेंगदाणे भाजायला त्याच्यासारखं सुख नाही. १६० डिग्रीवर ठेवायचे, मध्ये एकदा भांडं हलवायचं, एकसारखे खरपूस. कढईपाशी उभं राहणं संपलं. आपल्याकडं कूट किती लागतं ते सांगायला नको. भरताचं वांगं, रताळी, तेलाचा हात लावलेला पापड, सगळं होतं. मी पुरुष आहे आणि स्वयंपाक मीच करतो, तेव्हा "बायकांना काय आवडतं" अशी चर्चा इथं सुरू होणार असेल तर आधीच सांगून ठेवतो.

मिरजेचा_वायरमन
ताई, वस्तू ठरवायच्या आधी तिथल्या ओट्यावरचे प्लग बघून या. बारका प्लग असतो तो ६ अँपियरचा. २३० व्होल्टनं गुणा, १३८० वॅट झाले. मिक्सर ५०० ते ७५० वॅटचा, तो त्यावर आरामात चालतो. एअर फ्रायर बहुतेक १४०० च्या पुढं, किटली १५००, इंडक्शन १८०० ते २०००, ओटीजी (केक-बिस्किटं भाजायचा ओव्हन) मोठा असेल तर तसाच. ह्यांना १६ अँपियरचा मोठा प्लग पाहिजे. नव्या फ्लॅटमध्ये सुद्धा बिल्डर ओट्यावर मोठा प्लग एखादाच देतो आणि तो फ्रीजला नाहीतर पाण्याच्या फिल्टरला गेलेला असतो. मग लोक कन्व्हर्टर पिन लावून बारक्या प्लगात खुपसतात, प्लग पिवळा पडतो, वितळतो आणि दोष यंत्राला. माझ्याकडं असली गिऱ्हाइकं दर आठवड्याला.

इंडक्शन द्यायचं म्हणत असाल तर तळाला लोहचुंबक चिकटणारी भांडीच त्यावर तापतात. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं काही कामाचं नाही. म्हणजे इंडक्शनबरोबर भांड्यांचाही खर्च तुम्ही त्यांच्या गळ्यात घालणार.

हळद_कुंकू (सांगली)
प्लगचं राहू द्या, मला एक मूळ प्रश्न आहे. माझ्या भावानं भाऊबीजेला ओवाळणीत हँड ब्लेंडर घातला. भेट मला झाली का माझ्या घराला? त्यातून ताक सासरे पितात, सूप पोरं पितात. नवऱ्यानं लग्नाच्या वाढदिवसाला फूड प्रोसेसर आणला आणि वर म्हणाला, "तुझे कष्ट वाचावेत म्हणून." कष्ट घरचे, वाचवायचे तेवढे माझे! त्याला मी काय दिलं? घड्याळ. कपडे धुवायचा ब्रश दिला असता तर?

वास्तुशांतीची गोष्ट वेगळी आहे, तिथं भेट घरालाच असते, त्यामुळं यंत्र चालेल. पण एकट्या बाईच्या वाढदिवसाला, ओवाळणीला यंत्र नको, एवढं माझं ठाम मत.

सोललेला_लसूण (सातारा)
@हळद_कुंकू, मुद्दा मान्य. फक्त मला माझ्या वाढदिवसाला ओटीजी मिळाला होता आणि मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही इतका खूश होतो. ज्याला स्वयंपाकाचा नाद आहे त्याला वजनकाटा दिला तरी तो नाचतो. ज्याच्यावर स्वयंपाक पडलेला आहे त्याला द्यायचं तर विचार करून.

जुना_कासार (सातारा)
मोती चौकाच्या बाजूला आमचं भांड्यांचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. लग्नसराईत आहेराची गर्दी कशी असते ते आयुष्यभर पाहिलं आहे. पूर्वी लोक पातेलं, तांब्या, घागर घ्यायचे आणि नाव घालून न्यायचे. "चि. सौ. कां. अमुक हिस, मामाकडून सप्रेम", खाली तारीख. त्या नावात फार शहाणपण होतं. एक तर कुणी काय दिलं याची घरात कायमची नोंद. दुसरं म्हणजे ते भांडं पुढच्या लग्नात खपवता येत नसे! मिक्सरवर नाव घालता येत नाही, म्हणून मिक्सर फिरतो. एकच खोकं तीन लग्नांत आहेरात आलेलं मी पाहिलं आहे, कोपऱ्यावर आमच्याच दुकानाचा शिक्का.

मिक्सरचं म्हणाल तर आपल्या वाटणाला परदेशी यंत्रं टिकत नसत. ओलं खोबरं, भिजलेली डाळ, कोरडी हळद ही कामं तिकडच्या ब्लेंडरला ठाऊकच नव्हती. १९६३ साली माथुर नावाच्या इंजिनिअरनं मुंबईत सुमीत काढला, तेव्हापासून रुखवतात मिक्सर दिसू लागला. मी धंद्यात आलो त्या काळात रुखवतावर सुमीत मांडलेला असला की वऱ्हाडी मंडळी आधी तिकडं बघायची, नंतर नवरीकडं.

एक कामाची गोष्ट. प्रेशर कुकर द्यायचा ठरला तर आयएसआयचा शिक्का बघूनच घ्या. २०२१ पासून तो सक्तीचा आहे, पण आठवडी बाजारात बिनशिक्क्याचे अजून दिसतात. स्वस्त पडतो म्हणून दुसऱ्याच्या घरात असला कुकर पाठवू नये.

मिरजेचा_वायरमन
काका बरोबर बोलले. खोकं फिरण्यात अजून एक घोळ आहे. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात, खोकं उघडल्यापासून नाही. दोन वर्षं माळ्यावर पडलेला मिक्सर उघडला आणि आठवड्यात बंद पडला तर कंपनी हात वर करते. आणि भेट देणारा बिल देत नाही, किंमत दिसते म्हणून. माझं ऐका, दुकानदाराला सांगून बिल ज्यांना द्यायचंय त्यांच्याच नावावर करा, पाकिटात बंद करून खोक्यात टाका. किंमत कळली तर कळली. आणि सर्व्हिस सेंटर सांगली-मिरजेत आहे का ते विचारा. ऑनलाइन मिळणाऱ्या कितीतरी चकचकीत वस्तूंचं पुण्याच्या अलीकडं कुणी नसतं.

पुण्यात_कराडकर
मी आईला इलेक्ट्रिक प्रेशर कुकर पाठवला होता, तो आपोआप बंद होणारा. गॅसवर कुकर ठेवून ती देवळात जायची, म्हणून काळजी. पहिले कित्येक महिने त्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर फुलदाणी. विचारलं की म्हणायची, "चांगला आहे की, खराब कशाला करायचा?"

मग सुट्टीला गेलो तेव्हा लक्षात आलं की अडचण वेगळीच आहे. सगळी बटणं इंग्रजीत. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. डॉक्टरकडची पांढरी चिकटपट्टी घेतली, मार्करनं लिहिलं: "भात", "मसूर", "वाफ सोडा", "बंद". पाण्याच्या रेघेवर नेलपॉलिशनं खूण केली. दुसऱ्या दिवशी तिनं अख्खा मसूर लावला आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसली, शेजारणीला सांगत, "आत शिजतंय, मी मोकळी." आता फुलदाणी टीव्हीवर.

@शाहूपुरीची_सून, म्हणून सांगतो, यंत्र देणार असाल तर देऊन निघून येऊ नका. एकदा त्यांच्यासमोर त्यात काहीतरी शिजवून या.

पाटा_वरवंटा (वाई)
मी वयानं इथं बहुतेक सगळ्यांत मोठी असेन. नातीनं मराठी टायपिंग शिकवलंय, चुकलं तर सांभाळून घ्या.

रोटीमेकर कुणी सुचवायच्या आत सांगते. गव्हाला चिकटपणा असतो, ज्वारीला नाही. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून, हातानं थापून, वरून पाणी फिरवून भाजतात तेव्हा ती फुगते. दोन तव्यांत दाबली की कडा फाटतात आणि मधे पापड होतो. सुनेच्या माहेरून आलेला होता, त्याच्यात आम्ही पापड भाजायचो, मग तेही सोडलं. रोज भाकरी होते त्या घरात ते यंत्र देऊ नये.

आणि मिक्सरमधला खरडा! हिरव्या मिरच्या तव्यावर तेलात परतायच्या, लसूण, मूठभर शेंगदाणे, जाड मीठ, आणि तिथंच गरम तव्यावर तांब्याच्या बुडानं रगडायचं. मिरचीचं साल तुटतं, बी अख्खं राहतं, शेंगदाणा दाताखाली येतो. मिक्सरमध्ये एकदा खर्रकन फिरवलं की हिरवं खळगट. मला विचाराल तर दगडी खलबत्ता द्या. तो बिघडत नाही, त्याला प्लग लागत नाही.

हळद_कुंकू (सांगली)
आजी, खलबत्ता छानच. पण सकाळी सातला शाळा गाठणारी बाई तो कधी कुटणार? आणि सांधे दुखणाऱ्या माणसाच्या हातात बत्ता देऊन कसं चालेल? माझ्या आईला संधिवात आहे, पीठ मळायचं यंत्र आणून दिलं तेव्हा ती रडली होती. पोळ्या बाहेरून आणायची तिला लाज वाटायची, आता स्वतःच करते. तिथं कुणी "हाताची चव" वगैरे काढली तर मी भांडेन.

पाटा_वरवंटा (वाई)
भांडू नको बाई, बरोबर आहे तुझं. माझ्या मनगटानं सुद्धा आता बत्ता उचलत नाही, सून कुटते, मी बाजूला बसून मीठ सांगते.

गावभागातला (सांगली)
एवढ्या चर्चेत आमचाही एक अनुभव. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आमचं घर तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर आत आलो तर ओट्यावर बोटभर गाळ, मिक्सरच्या भांड्यात गाळ, ओव्हनच्या काचेआड गाळ. फ्रीज आडवा होऊन दारात अडकलेला. पुरात शाबूत राहिलं ते पितळ, स्टील आणि पाटा.

त्या वेळी पै-पाहुणे मदतीला आले ते तांदूळ, चादरी घेऊन आले. साताऱ्याची मावशी मात्र दोन बर्नरची शेगडी आणि साधा मिक्सर घेऊन आली. रंगबिंग काही बघितलेला नव्हता. त्या दिवशी बायकोनं कांदा-लसूण वाटून आमटी केली, कितीतरी दिवसांनी घरात फोडणीचा वास आला. त्या मिक्सरचं भांडं आता गळतं, पण बायको बदलू देत नाही.

तेव्हा वस्तू चांगली का वाईट हे वस्तूत बघू नका, समोरच्याकडं काय नाहीये ते बघा. आमच्याकडं आज कुणी तोच मिक्सर आणला तर नको म्हणू, कारण माळ्यावर अजून दोन आहेत.

मिरजेचा_वायरमन
विषय निघालाच आहे म्हणून: पुरात भिजलेलं कुठलंही यंत्र नुसतं पुसून लावून बघू नका. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये ओल असते, बटण दाबलं की शॉर्ट. पूर्ण वाळवून, माणसाकडून तपासून मगच. २०१९ ला आणि परत २०२१ ला लोकांनी घाईत सुरू करून वाचण्यासारख्या मोटारी जाळल्या.

भडंग_आणि_चहा (सांगली)
तुम्ही सहा हजारांवर चर्चा करताय, माझा प्रश्न दहा रुपयांचा आहे. संक्रांतीच्या वाणात येणाऱ्या प्लॅस्टिकच्या गाळण्या, लिंबूपिळण्या, बटाटा सोलायची पाती यांचं करायचं काय? आमच्या कॉलनीत हळदीकुंकवाला पंधरावीस घरं. ड्रॉवर उघडत नाही. दोरी ओढून कांदा चिरायचा डबा तेवढा कामाचा निघाला, बाकी सगळं पुढच्या संक्रांतीला पुढं सरकवलं. या वर्षी मी सगळ्यांना हळद दिली, पावशेर पावशेर. सांगलीत हळदीला काय तोटा! कुणाच्या घरी पडून राहिली नाही.

खमंग_फोडणी (कराड)
वाणात आमच्याकडं एकीनं सुऱ्या लुटल्या होत्या. सासूबाईंनी प्रत्येकीकडून रुपया घ्यायला लावला, सुरी फुकट घेतली की नातं तुटतं म्हणून. त्या बाईचे म्हणे सुऱ्यांचे पैसे निम्मे वसूल झाले.

शाहूपुरीची_सून (सातारा)
सगळ्यांचे आभार. इथलं वाचून मी भाचीला फोन केला, गुपचूप. तिच्याकडून कळलेलं असं: मोठा प्लग एकच आहे आणि तो फिल्टरला (वायरमनदादा, तुम्ही ज्योतिष पण बघता काय?). एअर फ्रायर वन्संच्या नंदेनं आधीच कबूल केलाय. मिक्सर लग्नातला आहे, मोटार ठणठणीत, पण मोठ्या भांड्याचं पातं फिरत नाही आणि चटणीच्या भांड्याला झाकणच नाही, ताटली दाबून धरतात. आणि वन्संच्या सासूबाईंना पितळी परात हवीय. त्यांची जुनी परात धाकट्या मुलाकडं गेली, तेव्हापासून स्टीलच्या परातीत भाकरी थापताना ती सरकते म्हणून त्या रोज कुरकुरतात. भाची म्हणाली, "मामी, परात आणलीस तर आज्जी तुला डोक्यावर घेईल."

म्हणजे मिक्सरला नवी भांडी आणि एक पितळी परात, असं दोन्ही मिळून बसेल असं वाटतंय. यांचं तोंड पडलंय, एअर फ्रायरचा व्हिडिओ बघून ठेवला होता.

मिरजेचा_वायरमन
भांडी घेताना जुनं भांडं किंवा मॉडेलचा नंबर घेऊन जा, फोटोवर भागत नाही. बुडाचं कपलर, म्हणजे मोटारीवर बसणारी चकती, प्रत्येकाचं वेगळं. पातं फिरत नाही म्हणजे बहुतेक पात्याच्या दांड्याभोवतीचा बुश झिजलाय, मोठं भांडं दुरुस्त होऊन जाईल, कमी पैशात. चटणीचं तेवढं नवं घ्या. आणि खालचं लाल बटण त्यांना दाखवून ठेवा. मिक्सर मधेच बंद पडला की लोक जळाला म्हणून टाकून देतात. ओव्हरलोड झाला की तो स्वतःहून थांबतो, जरा गार होऊ द्यायचा आणि ते बटण दाबायचं, की पुन्हा सुरू.

पितळ इंडक्शनवर चालणार नाही हं, आधी सांगितलंय.

शाहूपुरीची_सून (सातारा)
दादा, परात इंडक्शनवर कोण ठेवतं!

जुना_कासार (सातारा)
परात वजनावर घ्या, नगावर नको. हलकी परात भाकरी थापताना उड्या मारते, जुन्या बायका जड परात मागत ते उगीच नाही. भाकरीच्या पिठाला कल्हई नसली तरी चालतं, पण त्यात ताक, चिंच, कोकम असलं आंबट ठेवायचं असेल तर कल्हई हवीच, नाहीतर कळकतं. कल्हईला कथील आणि नवसागर वापरतो तोच माणूस गाठा, चंदेरी रंग मारून देणारेही हल्ली फिरतात. आणि नाव सासूबाईंचं घाला, सुनेचं नको. परात मागितलीय त्यांनी.

हळद_कुंकू (सांगली)
काका, पण घर वन्संचं आहे ना? दोघींची नावं घाला की.

जुना_कासार (सातारा)
घाला. परातीला काठ मोठा असतो.

नवा_सभासद (सातारा)
नमस्कार, धागा वाचला. आमच्याकडं एक एअर फ्रायर आहे, खोकं उघडलेलं नाही, साडेचार लिटरचा. वास्तुशांतीत आलेला. कुणाला हवा असेल तर योग्य किमतीत देऊ, पोवई नाक्यावर येऊन न्यावा.

सोललेला_लसूण (सातारा)
माझ्या भावाला पाहिजे आहे. बिल आहे का?

नवा_सभासद (सातारा)
भेट आलेला आहे ओ, बिल कुठलं?